आवृत्ती बदलण्यापूर्वी



सांगानेरचे छिपे कापडावर जी वेलबुट्टी उमटवितात, ती एका ठशाने होत नाही. बाह्यरेषा उमटविणारा ठसा निराळा, त्यास 'रेख' म्हणतात. पार्श्वभूमीचा रंग भरणारा 'गद' निराळा. आणि पानाफुलांत रंग भरणारा 'दत्ता' निराळा. रेखेचा ठसा झिजला म्हणून तेवढाच नवा कोरून घ्यावयाचा म्हटले, तरी तो जुन्या दत्त्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. केसभर फरक पडला की रंग रेषेबाहेर जातो आणि सबंध थान वाया जाते. ठसा बदलण्याचा निर्णय हा एका ठशापुरता निर्णय कधीच नसतो. प्रताप नगराच्या शेजारी चालणाऱ्या या कारागिरीचा आरंभीच उल्लेख करण्याचे कारण असे की, ज्या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे तो वरवर पाहता अगदी निराळ्या जगातला असला, तरी त्याची ठेवण हीच आहे.

प्रश्न असा: एखाद्या कार्यालयात आवृत्ती-नियंत्रणाची आज्ञावली कित्येक वर्षे सुरळीत चालू आहे. दरम्यान तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत. किंबहुना तिच्याहून सर्वस्वी निराळी अशी दुसरी आज्ञावली सर्वत्र रूढ झाली आहे. अशा वेळी पुढे जावे, की आहे तेथेच राहावे?

आवृत्ती-नियंत्रण या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. मराठी वाचकाला त्यामागची गरज जुन्या काळापासून ठाऊक आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो याच अडचणीपोटी. नकला करता करता पाठ बदलत गेले होते, आणि कोणता बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केला याची नोंद कोठेच नव्हती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य आरंभिले व ते १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली, आणि संपादकांनी एक शहाणपणाचा दंडक पाळला: स्वीकारलेला पाठ वर छापावयाचा, पण नाकारलेले पाठभेद टाकून द्यावयाचे नाहीत, तळटीपांत द्यावयाचे. उद्याच्या अभ्यासकाला आजच्या संपादकाचा निर्णय तपासता आला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. आवृत्ती-नियंत्रणाची आज्ञावली हेच काम संगणकावरील मजकुराच्या बाबतीत करते. प्रत्येक बदल, तो करणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण यांची नोंद ती ठेवते, आणि मागची कोणतीही अवस्था पुन्हा जशीच्या तशी समोर मांडते. भांडारकर मंदिराच्या पंडितांना जे सत्तेचाळीस वर्षांच्या परिश्रमाने मागाहून जुळवावे लागले, ते येथे घडता घडताच नोंदले जाते, एवढाच फरक.

या आज्ञावल्यांचा इतिहास पन्नासएक वर्षांचा आहे. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस रचली. १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस तयार केली. ॲम्स्टरडॅमचे डिक ग्रून हे आपल्या विद्यार्थ्यांसह एका कामावर होते. तिघांच्या वेळा जुळेनात, म्हणून एकाच मजकुरावर सर्वांना आपापल्या सवडीने काम करता यावे अशी सोय त्यांनी केली. तिच्यातून १९८६ साली सीव्हीएस बाहेर आली. सीव्हीएसचे दोष दूर करण्यासाठी सब्व्हर्जनचे काम २००० साली सुरू झाले व तिची पहिली पूर्ण आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये निघाली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, लिनस टॉरवल्ड्स यांनी गिट लिहिण्यास आरंभ केला. लिनक्सच्या गाभ्याचे काम तोवर बिटकीपर नावाच्या एका खाजगी आज्ञावलीवर चाले. तिचा विनामूल्य वापर बंद झाला आणि दुसरा उपाय राहिला नाही. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, या सर्व मालिकेतील सर्वांत गाजलेला बदल कोणी हौसेने केलेला नाही. जुन्यावर राहण्याचा मार्गच बंद झाला, म्हणून तो करावा लागला.

आता एक कार्यालय कल्पनेत आणावे. प्रताप नगरातील एखाद्या सेक्टरात, दुमजली घराच्या तळमजल्यावर सहासात माणसे काम करीत आहेत. सांगानेर व सीतापुरा येथील कापड निर्यातदारांसाठी ती हिशेबाच्या व मागणी-नोंदीच्या आज्ञावल्या लिहितात, आणि त्याच निर्यातदारांच्या नक्षींची मोठमोठी चित्रेही सांभाळतात. जिन्याखाली एक सर्व्हर आहे. त्यावर सेंटओएस ७ ही कार्यप्रणाली असून तिच्याबरोबर आलेली सब्व्हर्जनची १.७ ही आवृत्ती चालते. ही आवृत्ती कोणी विचारपूर्वक निवडली, असे नाही. कार्यप्रणालीच्या डब्यातून ती निघाली, इतकेच. ज्याने ती बसविली तो केव्हाच नोकरी सोडून गेला आहे. भांडारात दहाबारा वर्षांच्या हजारो नोंदी आहेत. वडील भागीदारांचे म्हणणे, चालत्या गाड्याला खीळ घालू नये. तरुण मंडळींचे म्हणणे, सारे जग गिटकडे गेले, आपणच तेवढे मागे का? दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत, आणि दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे.

अर्धवट अशासाठी की, 'नवी आवृत्ती' या दोन शब्दांत चार निराळ्या वस्तू कोंबलेल्या असतात. प्रत्येकाच्या मेजावर चालणारा क्लायंट ही एक. त्याच्या संगणकावर उतरवून घेतलेली कार्यप्रत ही दुसरी. जिन्याखाली चालणारा सर्व्हरचा कार्यक्रम ही तिसरी. आणि ज्यात सारा इतिहास साठविला आहे ते भांडार ही चौथी. या चारही वस्तू एकदम बदलाव्या लागत नाहीत, आणि त्यांतील प्रत्येकीचा धोकाही सारखा नाही. क्लायंट बदलला आणि पसंत पडला नाही, तर काढून टाकून जुना बसविता येतो. अर्ध्या तासाचे काम. कार्यप्रत बिघडली तर भांडारातून नवी उतरवून घेता येते. मात्र न नोंदलेले बदल आधी बाजूला काढून ठेवले पाहिजेत. सर्व्हरचा कार्यक्रम बदलणे थोडे अधिक जोखमीचे, तरी तेही उलटविता येते. भांडाराचे मात्र तसे नाही. त्याची अंतर्गत रचना एकदा नव्या स्वरूपात नेली की जुन्या सर्व्हरला ते वाचता येत नाही. मागे फिरावयाचे तर आधी काढून ठेवलेली प्रत हाच आधार.

सब्व्हर्जनच्या कर्त्यांनी एक मोठी सोय करून ठेवली आहे, आणि तिची जाणीव फार थोड्यांना असते. १ या क्रमांकाने आरंभ होणाऱ्या सर्व आवृत्त्यांत कोणताही क्लायंट कोणत्याही सर्व्हरशी बोलू शकतो. जुन्या क्लायंटला नव्या सर्व्हरची नवी सामर्थ्ये वापरता येत नाहीत, पण रोजचे काम अडत नाही. म्हणजे रेख बदलली तरी दत्ता बसतो, याची हमी कोरणाऱ्यानेच दिलेली आहे. सर्वांनी एकाच दिवशी बदलले पाहिजे, ही भीती त्यामुळे पुष्कळ अंशी निराधार ठरते.

परंतु हमी होती ती क्लायंट आणि सर्व्हर यांच्यामधील संभाषणाची, कार्यप्रतीची नव्हे. येथे कित्येकांची फसगत झाली. १.४, १.५ व १.६ या आवृत्त्यांचा क्लायंट जुनी कार्यप्रत दिसताच तिचे रूप न विचारता बदलून टाकीत असे. एकाच संगणकावर दोन क्लायंट असत: एक टंकलिखित आज्ञांचा, दुसरा खिडक्यांचा. त्यांपैकी एक नवा झाला आणि त्याने कार्यप्रतीला स्पर्श केला, की दुसऱ्याला ती वाचता येईनाशी होई. वापरणाऱ्याने काहीच केलेले नसे. त्याने फक्त एक घडी उघडून पाहिली असे. ऑक्टोबर २०११ मध्ये निघालेल्या १.७ या आवृत्तीत कार्यप्रतीची रचना मुळापासून बदलली. पूर्वी प्रत्येक उपविभागात स्वतंत्र टिपणे विखुरलेली असत, ती आता मुळाशी एकाच ठिकाणी एका लहानशा विदागारात आली. पण या वेळी कर्त्यांनी बदल आपण होऊन केला नाही. कार्यप्रत नव्या रूपात न्यावयाची असेल तर तशी स्पष्ट आज्ञा द्यावी लागेल, असा नियम त्यांनी केला. निर्णय ज्याचा त्याच्या हाती परत गेला. आज्ञावलीच्या इतिहासात ही बाब किरकोळ समजली जाते. वास्तविक ती किरकोळ नाही.

नवी आवृत्ती सवयीही बदलते. गिटची २.० ही आवृत्ती मे २०१४ मध्ये आली. तोपर्यंत बदल सर्व्हरकडे ढकलण्याची साधी आज्ञा दिली की दोन्हीकडे एकाच नावाच्या जेवढ्या शाखा असतील तेवढ्या सर्व रवाना होत; २.० पासून केवळ चालू शाखाच जाऊ लागली. नवा नियम अधिक सुरक्षित होता यात वाद नाही. पण ज्याने जुन्या नियमावर विसंबून रोजची कामे लावून दिली होती, त्याच्या शाखा नकळत मागे राहू लागल्या. सुधारणा आणि अडचण या पुष्कळदा एकाच वस्तूच्या दोन बाजू असतात.

नवे ते ताडून पाहून घ्यावे, याचे एक उदाहरण याच शहरात आहे. १७२७ साली जयपूर वसविणारे सवाई जयसिंह हे ज्योतिषाचे व्यासंगी होते. जुन्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहस्थिती आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळत नाही, हे त्यांना दिसत होते. त्यांनी वेधशाळा उभारल्या. येथील सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे. त्यांच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथांनी, ज्यांना परंपरा महाराष्ट्रीय ब्राह्मण मानते, टॉलेमी व युक्लिड यांचे ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणले. मग पोर्तुगालकडे पाठविलेल्या मंडळामार्फत फ्रान्सच्या ला हीर यांची कोष्टके हाती आली. ती त्या काळची नवीनतम आवृत्ती होती. जयसिंहांनी ती नवी म्हणून डोक्यावर घेतली नाहीत, आणि परकी म्हणून दूरही सारली नाहीत. आपल्या वेधांशी ताडली. चंद्राच्या स्थितीत सुमारे अर्ध्या अंशाचा फरक पडतो असे त्यांना आढळले, आणि ते त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेविले. जिन्याखालच्या सर्व्हरसाठी एवढ्या उंच यंत्राची गरज नाही. एक जुना, बाजूला पडलेला संगणक पुरे. त्यावर भांडाराची नक्कल उतरवावी, नवी आवृत्ती बसवावी आणि आठवडाभर खरे काम करून पाहावे.

आता तरुण मंडळींच्या म्हणण्याकडे वळू. गिटचे गुण खरे आहेत. संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर असतो, म्हणून वीज गेली, जाळे तुटले, सर्व्हर बंद पडला, तरी काम व नोंदी चालू राहतात. शाखा काढणे व जोडणे सुलभ असते. नवा उमेदवार कामावर येतो तो गिट शिकूनच येतो, ही व्यवहाराची बाबही क्षुल्लक नव्हे. परंतु या कार्यालयाच्या भांडारात नक्षींची चित्रे आहेत. एकेक चित्र मोठे, आणि त्यात फेरफार झाला की दोघांचे बदल एकत्र जोडता येत नाहीत, कारण ते अक्षरांत लिहिलेले नाही. सब्व्हर्जनमध्ये अशा फायलीस कुलूप लावून एकाने काम करावे व दुसऱ्याने थांबावे, अशी सोय २००५ पासून आहे. गिटमध्ये मोठ्या फायलींसाठी २०१५ पासून वेगळी जोडणी उपलब्ध आहे आणि पुढे तीत कुलपाचीही सोय झाली. पण ती जोडणी म्हणजे सांभाळावयाचा आणखी एक ठसा. शिवाय सब्व्हर्जनमध्ये प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक असतो. निर्यातदाराशी झालेल्या पत्रव्यवहारात, दोषांच्या वहीत, जुन्या देयकांवर 'नोंद १४३२ मध्ये दुरुस्त केले' असे शब्द जागोजागी असतात. गिटमध्ये हे अनुक्रमांक राहत नाहीत. त्यांच्या जागी चाळीस चिन्हांची ओळख येते. जुने क्रमांक टिपणांत जपून ठेवता येतात, पण त्यासाठी कोणीतरी ते आठवणीने केले पाहिजे. रिकामे उपविभाग गिट ठेवीतच नाही. एवंच इतिहास नेता येतो, पण तो भाषांतर होऊन जातो. आणि भाषांतरात काय गळते हे मूळ जाणणाऱ्यालाच कळते.

मोठ्या संस्थांनी काय केले, हे पाहू गेल्यास दोन्ही प्रकारचे दाखले सापडतात. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीचे लोक २००८ साली सीव्हीएसवरून सब्व्हर्जनवर आणि २०२० च्या डिसेंबरात सब्व्हर्जनवरून गिटवर गेले. तिचीच भावंड म्हणावी अशी ओपनबीएसडी मात्र सीव्हीएसवरच राहिली, आणि सुरक्षिततेच्या बाबतीत तिचा लौकिक सर्वांत कडक आहे. जुनी आज्ञावली वापरणारा निष्काळजी असतो, हे म्हणणे यावरून टिकत नाही. पण एक भेद विसरता कामा नये. ओपनबीएसडीची मंडळी आपल्या साधनाची अंतर्बाह्य जाण असलेली आहेत. त्यात दोष निघाला तर तो स्वतः दुरुस्त करणारी आहेत. प्रताप नगरच्या कार्यालयात ते साधन बसविणारा माणूसही उरलेला नाही.

म्हणून वडील भागीदारांचे म्हणणेही तपासले पाहिजे. जुन्यावर राहणे म्हणजे जागच्या जागी उभे राहणे, असा त्यांचा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण पायाखालची जमीन हलत असते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या व गूगलच्या संशोधकांनी दोन अशा फायली तयार केल्या की मजकूर निराळा असूनही एसएचए-१ या पद्धतीने काढलेली त्यांची ओळख एकच येत होती. वेबकिट या प्रकल्पात कोणीतरी चाचणीच्या हेतूने त्या दोन्ही सब्व्हर्जनच्या भांडारात नोंदविल्या. एकसारख्या फायली एकदाच साठवाव्यात म्हणून सब्व्हर्जन जी ओळख वापरीत असे ती हीच. परिणामी भांडाराचे काम अडून बसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक दोष उघड झाला: फसव्या रीतीने रचलेला पत्ता क्लायंटला दिला तर त्या संगणकावर परक्याच्या आज्ञा चालविता येत. हा दोष सब्व्हर्जनमध्ये होता तसाच गिटमध्येही होता. दोहोंच्या दुरुस्त आवृत्त्या लागलीच निघाल्या.

येथे एक बारकावा आहे, आणि या कार्यालयाचा निर्णय त्यावरच ठरतो. सब्व्हर्जनच्या कर्त्यांनी १.७ कडे लक्ष देणे २०१५ साली १.९ निघाल्यानंतर थांबविले होते. तरीही सेंटओएस ७ वापरणारा लगेच उघडा पडला नाही. कारण कार्यप्रणाली सांभाळणारे लोक सुरक्षिततेच्या महत्त्वाच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत मागाहून घालीत असत. क्रमांक जुनाच दिसे, आतला दोष बुजविलेला असे. म्हणून केवळ क्रमांकाकडे बोट दाखवून 'किती जुने!' असे म्हणणाऱ्या तरुणाचा आक्षेप त्या काळात रास्त नव्हता. परंतु ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ ची मुदतच संपली. त्या दिवसापासून तो क्रमांक खरोखर जुना झाला. वडिलांचे म्हणणे जोवर बरोबर होते तोवर बरोबर होते. ते एका विशिष्ट तारखेला चूक ठरले, आणि त्या दिवशी कार्यालयात कोणाच्याही ध्यानात काही आले नाही. सर्व्हर पूर्वीसारखाच घरघरत होता.

तेव्हा या कार्यालयाने बदल केला पाहिजे, पण तरुणांना हवा तो नव्हे. सब्व्हर्जन सोडण्याचे सबळ कारण आज दिसत नाही. तिची १.१४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती २०२० साली निघाली, आणि तीत दुरुस्त्या होत आल्या आहेत. कार्यप्रणाली बदलणे अटळ आहे. तिच्याबरोबर सर्व्हरचा कार्यक्रम बदलावा. गिटचा विचार हिशेबाच्या नव्या कामांपुरता, ज्यांना जुना इतिहास नाही अशांपुरता, स्वतंत्रपणे करता येईल. दोन साधने एका घरात नांदू शकतात. दोन्ही प्रश्न एकाच आठवड्यात सोडवू पाहणे, हे मात्र हमखास संकटाला निमंत्रण होय. काही बिघडले तर कशामुळे बिघडले हे सांगताच येत नाही.

रीत अशी असावी. कर-विवरणपत्रे भरण्याचे दिवस टाळून एक शुक्रवार निवडावा. सर्वांनी आपापले बदल नोंदवावेत आणि कुलपे काढावीत. भांडार तपासण्याची आज्ञा सब्व्हर्जनमध्येच आहे, ती प्रथम जुन्या जागी चालवावी. कारण भांडारात वर्षानुवर्षे लपलेली एखादी खोट असेल तर ती नव्या आवृत्तीच्या माथी मारली जाऊ नये. नंतर सबंध इतिहास बाहेर ओतून घ्यावा. ही ओतीव प्रत कोणत्याही एका आवृत्तीच्या अंतर्गत रचनेला बांधलेली नसते; जुन्याने ओतलेली नव्याला वाचता येते, आणि मागे फिरण्याचा खरा मार्ग तीच. तिच्या दोन नकला कराव्यात, त्यांपैकी एक त्या इमारतीबाहेर ठेवावी. मग नव्या यंत्रावर ती भरावी. शेवटच्या नोंदीचा क्रमांक दोन्हीकडे तोच येतो का, हे पाहावे. एवढ्यावर समाधान मानू नये. मधली कोणतीही एक जुनी नोंद निवडावी. एखाद्या निर्यातदाराला काही वर्षांपूर्वी ज्या नोंदीवरून काम करून दिले असेल ती उत्तम. ती दोन्ही यंत्रांवर स्वतंत्रपणे उतरवून अक्षरशः ताडावी, आणि एक नक्षीचे चित्रही उघडून डोळ्यांनी पाहावे.

हे सारे जुळल्यावर सोमवारी काम नव्या यंत्रावर सुरू करावे. बसविताना काय केले, कोणत्या आज्ञा दिल्या, संकेतशब्द कोणाकडे आहेत, हे एका कागदावर लिहून तो कागद भागीदारांच्या कपाटात ठेवावा, म्हणजे बसविणारा निघून गेला तरी पुन्हा अशी वेळ येणार नाही. जुना सर्व्हर लगेच मोडीत काढू नये. नव्या नोंदी स्वीकारणार नाही असा बंदोबस्त करून आणि बाहेरच्या जाळ्यापासून तोडून, तो महिना-दोन महिने जिन्याखालीच राहू द्यावा.